पागोळीचे पाणी कोठे जाते?



वरच्या प्राथमिक वर्गांना, म्हणजे सहावी ते आठवीच्या मुलामुलींना, भूगोल कसा शिकवावा या विषयावर आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे. विषय शिक्षकांचा दिसतो. परंतु पालकांनीही तो ऐकावा अशी माझी विनंती आहे. कारण गणिताचा तास वर्गात भरतो आणि वर्गातच संपतो. भूगोलाची निम्मी शाळा मात्र घराच्या ओसरीवर, शेताच्या बांधावर आणि प्रवासात गाडीच्या खिडकीपाशी भरत असते.

प्रथम माझ्या स्वतःच्या वर्गातील एक प्रसंग सांगते. आमची शाळा बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आहे. जुलै महिना होता. सातवीच्या वर्गात मी कृष्णेच्या उपनद्या विचारीत होते. एका मुलीने उभे राहून कोयना, वारणा, पंचगंगा, घटप्रभा, मलप्रभा, भीमा, तुंगभद्रा, मुसी अशी नावे एका दमात म्हणून दाखवली. मी शाबासकी दिली. बाहेर पाऊस लागला होता आणि कौलांवरून पागोळ्या गळत होत्या. सहज मनात आले म्हणून मी तिला विचारले, "हे पागोळीचे पाणी कोठे जाते, सांग पाहू." ती म्हणाली, "अंगणात, बाई." "आणि तेथून?" "गटारात." "आणि गटारातून?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "वाळून जाते, बाई."

वर्ग हसला. मीही हसले, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. आमच्या अंगणातील पाणी गटारातून ओढ्याला, ओढ्यातून मलप्रभेला मिळते. ती नदी शाळेपासून फार दूर नाही. त्या मुलीच्या घरची माणसे त्याच नदीवर कपडे धुतात, तिच्या वडिलांचे भात त्याच नदीकाठी आहे. म्हणजे या मुलीजवळ दोन मलप्रभा होत्या. एक पुस्तकातली, पाचव्या क्रमांकाची उपनदी. आणि दुसरी खरी, ओली, पुराच्या दिवसांत गढूळ होणारी. या दोघींची एकमेकींशी कधी भेटच झाली नव्हती. आणि ती घडवून आणण्याचे काम ज्या बाईंचे होते, त्या बाई नावे पाठ करून घेण्यात गुंतल्या होत्या.

पुस्तकातली नदी आणि गावातली नदी यांची भेट घालून देणे म्हणजेच भूगोल शिकवणे, असे मला त्या दिवसापासून वाटू लागले. ती भेट कशी घालावी, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

पाचवीपर्यंत आपण मुलांना परिसर अभ्यास शिकवतो. विहीर, बाजार, पोस्ट, शेत हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोरचे असते. सहावीत पाऊल टाकताच अक्षांश, रेखांश, खंड, महासागर, वाऱ्यांचे पट्टे असा एकदम मोठा उंबरठा येतो. अकरा-बारा वर्षांचे मूल तो ओलांडू शकत नाही असे नाही; परंतु त्याला एक पायरी द्यावी लागते. ती पायरी आपल्याच गावाच्या जमिनीत असते.

पहिली गोष्ट दिशांची. वर्गाच्या भिंतीवर नकाशा टांगलेला असतो. मी एकदा विचारले, "उत्तर कोणीकडे?" चाळीस बोटे छपराकडे वळली! मुलांचा त्यात काय दोष? नकाशात उत्तर वर असते असेच आपण त्यांना शिकवतो, आणि भिंतीवरील नकाशाचे 'वर' म्हणजे छप्पर. या चुकीची फळे पुढे विचित्र येतात. चंबळ नदी उत्तरेकडे वाहते असे सांगितल्यावर एका मुलाने मला मोठ्या काळजीने विचारले होते, "बाई, नदी वर कशी चढेल?" त्याच्या मनात उत्तर म्हणजे चढ आणि दक्षिण म्हणजे उतार होता. माळव्याचे पठार दक्षिणेकडे विंध्याच्या कडेला उंच आहे आणि उत्तरेकडे यमुनेच्या मैदानाकडे उतरते, म्हणून चंबळ, बेतवा या नद्या उत्तरेकडे जातात, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

यावर उपाय अगदी सोपा आहे. नकाशा भिंतीवरून खाली काढावा आणि जमिनीवर अंथरावा. सकाळच्या सूर्यावरून किंवा होकायंत्रावरून उत्तर ठरवून नकाशाची उत्तर तिकडे करावी, आणि मुलांना भोवती बसवावे. मग बोट नकाशावर ठेवून हात लांब केला, की पणजी खरोखर पणजीकडे दिसते आणि सौंदत्ती सौंदत्तीकडे. नकाशा हे चित्र नसून जमिनीशी जुळवून वाचावयाचा कागद आहे, हे मुलांना एका तासात कळते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. 'एक सेंटिमीटर बरोबर एक मीटर' हे वाक्य पाठ करून घेण्याऐवजी मी मुलांचे चार गट केले आणि शाळेच्या आवाराचा नकाशा काढावयास सांगितले. मोजावयाचे पावलांनी. चारही नकाशे निरनिराळे आले. एका गटाचे आवार लांबट, दुसऱ्याचे आखूड. भांडण सुरू झाले, आणि ते मला हवेच होते. कोणाची पावले लांब, कोणाची आखूड, हे मुलांनीच शोधून काढले आणि सर्वांसाठी एकच माप पाहिजे असे त्यांनीच ठरवले. मग टेप आला, नकाशे पुन्हा काढले गेले आणि या वेळी ते एकमेकांशी जुळले.

त्या दिवशी मी त्यांना हिंदुस्थानच्या मोजणीची गोष्ट सांगितली. विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ साखळीने जमीन मोजून या देशाच्या त्रिकोणमितीय पाहणीस आरंभ केला. वीस वर्षे तो त्रिकोणामागून त्रिकोण मोजीत उत्तरेकडे सरकत गेला, आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे कामावर असतानाच वारला. नकाशा हा कोणाच्या तरी पायांनी चालून झालेला आहे, हे ऐकल्यावर मुले त्याच्याकडे निराळ्या आदराने पाहू लागतात. पावलांनी आवार मोजलेल्या मुलांना तर ती गोष्ट आपलीच वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पागोळीच्या पाण्याकडे येते. आमचा खानापूर तालुका भूगोलाच्या शिक्षकाला देणगीसारखा लाभला आहे. मलप्रभा याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडे वळते. सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थाच्या धरणात ती थांबते, पुढे कूडलसंगमाला कृष्णेत मिळते, आणि कृष्णेबरोबर श्रीशैल, नागार्जुनसागर, विजयवाडा असा प्रवास करून बंगालच्या उपसागरात जाते. हा प्रवास हजाराहून अधिक किलोमीटरांचा आहे. म्हादई नदीही याच तालुक्यात, देगावच्या परिसरातील रानात जन्मते. परंतु ती पश्चिमेकडे वळते, गोव्यात मांडवी हे नाव घेते, आणि अवघ्या ८० किलोमीटरांच्या सुमारास पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. एकाच रानात पडलेल्या दोन थेंबांपैकी एक आंध्रच्या किनाऱ्याला पोचतो आणि दुसरा गोव्याच्या. दोघांच्या मध्ये असते ती फक्त एक डोंगरधार.

ही धार मुलांना कशी दाखवावी? वाळूचा एक लांबट ढीग करावा. एक बाजू उभी, दुसरी बाजू दूरवर सावकाश उतरत जाणारी. झारीने वरून पाणी सोडावे. उभ्या बाजूचे पाणी झटकन खाली धावते आणि वाळू खोल कापते. उतरत्या बाजूचे पाणी रेंगाळत, वळणे घेत जाते. सह्याद्री असाच आहे. पश्चिमेकडे तो कड्यांसारखा कोकणात उतरतो, आणि पूर्वेकडे दख्खनचे पठार हळूहळू कलत जाते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तेथून पूर्वेला निघालेले पाणी ती उंची हजार किलोमीटरांत उतरते, आणि पश्चिमेचे पाणी घाटात काही किलोमीटरांतच उतरून मोकळे होते. दूधसागरचा धबधबा त्याच उतरण्याचे रूप आहे. वाळूच्या ढिगावर हे एकदा पाहिले, म्हणजे 'जलविभाजक' हा शब्द पाठ करावा लागत नाही. तो शब्द शिकवण्यापूर्वीच मुलांना त्याची गरज भासलेली असते.

त्याच धारेने पाऊसही वाटून दिला आहे. समुद्रावरून येणारे नैऋत्येचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, वर गेल्यावर थंड होतात आणि आपले ओझे तेथेच उतरवतात. धार ओलांडून खाली उतरू लागले, की ते पुन्हा ऊन आणि कोरडे होतात. म्हणून आंबोलीला वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तेथून सत्तरएक किलोमीटरांवरील बेळगावला तो १,३०० च्या आसपास येतो, आणि त्याही पूर्वेला अथणीकडे तो ६०० पर्यंत किंवा त्याहून खाली घसरतो. हे आकडे फळ्यावर लिहून देण्यापूर्वी मी मुलांना घरांची छपरे आठवावयास सांगते. खानापूरकडे कौलांची, तीव्र उताराची छपरे. अथणीच्या बाजूस जुनी घरे मातीच्या सपाट धाब्याची. असे का? कोणीतरी उत्तर देतोच, "बाई, तिकडे पाऊस कमी, म्हणून धाबे गळत नाही." आणि पीक? इकडे भात, तिकडे जोंधळा. छप्पर, पीक आणि ताटातील भाकरी ही तिन्ही पावसाने ठरवली आहेत, हा शोध मुलांनी स्वतः लावलेला असतो. मी फक्त प्रश्न विचारलेला असतो.

पाऊस मोजणे तर कोणत्याही शाळेला परवडते. सरळ बाजूंचा आणि सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवावा, आणि रोज सकाळी साडेआठला फूटपट्टीने आतील पाणी मोजावे. हवामान खातेही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे बरोबर एक लिटर पाणी झाले. आता आमच्या शाळेचे छप्पर पाहा. छपराने झाकलेली जमीन वीस मीटर लांब आणि सहा मीटर रुंद, म्हणजे १२० चौरस मीटर. एका दिवशी २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या छपरावरून ३,००० लिटर पाणी गळाले. पंधरा लिटरांची एक घागर धरली, तर २०० घागरी! उन्हाळ्यात दोन घागरींसाठी बोअरवेलच्या रांगेत उभी राहणारी मुले हा आकडा ऐकून गप्प होतात. असे गप्प होणे हे शिकण्याचेच लक्षण आहे.

आतापर्यंत मी आमच्याच तालुक्याविषयी बोलले. परंतु हे बोलणे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा दूरदूरच्या मराठी घरांतही पोचत असेल. आणि प्रत्येक गावाला आपापला पागोळीचा प्रश्न असतोच. इंदूरच्या शिक्षकांनी मुलांना विचारून पाहावे. शहराचे पाणी कान्ह नदीतून क्षिप्रेला, क्षिप्रेतून चंबळेला, आणि यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागराला जाते. पण इंदूर पिते ते पाणी नर्मदेचे. ते विंध्याचा चढ चढवून वर आणलेले असते. जे पाणी अरबी समुद्राला जावयाचे होते, ते इंदूरच्या घरांतून फिरून बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते! हैदराबादची मुसी कृष्णेला मिळते, म्हणजे आमच्या पागोळीची आणि हैदराबादच्या पागोळीची पुढे कोठेतरी गाठ पडते. बडोद्याची विश्वामित्री पावागडाकडून येऊन खंभातच्या आखाताकडे जाते. ग्वाल्हेरचे पाणी यमुनेच्या खोऱ्यातले. मुलाने आपल्या घरापासून समुद्रापर्यंतची ही वाट एकदा नकाशावर बोटाने चालून पाहिली, की देशाचा निम्मा नकाशा त्याच्या ध्यानात राहतो.

गावागावांना जोडणारा आणखी एक धडा सूर्याच्या सावलीचा आहे. एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंबा लावून उभी करावी, आणि दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजावी. आमच्या मुलांनी ही सावली पहिल्यांदा मोजली, तेव्हा गावातील चर्चची बाराची घंटा झाल्यावर सर्वजण फूटपट्ट्या घेऊन धावली. पण सावली कमीच होत राहिली. साडेबाराच्या सुमारास ती सर्वांत आखूड झाली. असे का? भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे. आम्ही साडेचौऱ्याहत्तर अंशांवर. आठ अंशांचा फरक, प्रत्येक अंशाला चार मिनिटे, म्हणजे आमचा सूर्य घड्याळापेक्षा सुमारे बत्तीस मिनिटे उशिरा माथ्याच्या रेषेवर येतो. घंटा देशाच्या घड्याळाप्रमाणे वाजते आणि सावली गावाच्या सूर्याप्रमाणे पडते. रेखांश म्हणजे काय, हे सांगण्यास याहून चांगला तास मला ठाऊक नाही.

२२ डिसेंबरला आमच्याकडे मीटरभर काठीची ही दुपारची सावली ८१ सेंटिमीटर पडते. हैदराबादला ती सुमारे ८६, बडोद्याला १०२, इंदूरला १०४, आणि ग्वाल्हेरला सुमारे ११७ सेंटिमीटर, म्हणजे काठीहूनही लांब. जसजसे उत्तरेला जावे, तसतसा हिवाळ्यातील सूर्य अधिक कलतो आणि सावली वाढते. उन्हाळ्यात याच्या उलट घडते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे एका दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात असा दिवस पुन्हा येतो. पण तेव्हा आमच्या आकाशात ढगांचे राज्य असते. पणजी, हैदराबाद, बडोदे, इंदूर यांनाही वर्षातून असे दोन दिवस लाभतात. ग्वाल्हेरला मात्र असा दिवस कधीच येत नाही, कारण ते कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. 'कर्कवृत्त ही काल्पनिक रेषा आहे' असे पुस्तक सांगते, आणि ते खरेच आहे. पण ग्वाल्हेरच्या मुलाला ती रेषा आपल्या अंगणातील सावलीत दिसू शकते.

येथे एक सूचना करावीशी वाटते. आपल्या पुष्कळ घरांचे नातलग दूरच्या शहरांत असतात. ग्वाल्हेरच्या आणि खानापूरच्या दोन वर्गांनी एकाच दिवशी सावली मोजून एकमेकांना कळवावी. आठवीची मुले काठी आणि सावली यांचा त्रिकोण कागदावर काढून कोनमापकाने सूर्याचा कल मोजू शकतात. दोन्ही कोनांत सुमारे साडेदहा अंशांचा फरक येईल. दोन्ही गावांचे उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,१७० किलोमीटर आहे. साडेदहा अंशांना इतके, तर ३६० अंशांना किती? साधी त्रैराशिके आहेत. उत्तर सुमारे ४०,००० किलोमीटर येते, आणि तोच पृथ्वीचा परिघ! एराटोस्थेनिस या ग्रीक पंडिताने बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये याच युक्तीने पृथ्वी मोजली होती. दोन काठ्या आणि एक पत्र एवढ्या साहित्यात आपल्या मुलांना पृथ्वी मोजता येते. ते सुख त्यांना आपण का देऊ नये?

आता ज्या प्रसंगाने मला सर्वांत अधिक शिकवले, तो सांगते. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात वाद आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. २०१० साली त्यासाठी लवाद नेमला गेला, २०१८ साली त्याने निवाडा दिला, आणि त्या निवाड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही देण्यात आले. कळसा आणि बंडुरी या म्हादईच्या नाल्यांचे पाणी मलप्रभेकडे वळवावे की नाही, हा त्या वादाचा एक गाभा. आमच्या वर्गात एका मुलाचे आजोळ गोव्यात सत्तरी तालुक्यात आहे, आणि एका मुलीचे मामा नवलगुंदकडे शेती करतात. एके दिवशी मधल्या सुट्टीत दोघांचे भांडण जुंपले. "आमचे पाणी पळवता!" "तुम्ही ते समुद्रात वाया घालवता!" ही वाक्ये मुलांची नव्हती, घरातील मोठ्यांची होती. मी दोघांना दटावले आणि सांगितले, "हा विषय वर्गात नको."

घरी गेल्यावर मला माझीच लाज वाटली. भूगोलाचा प्रश्न भूगोलाच्या वर्गात नको, तर मग कोठे? ज्या दिवशी मुलांना नदीविषयी खरोखर काही वाटले, नेमक्या त्याच दिवशी त्यांच्या बाईंनी पुस्तक मिटले.

दुसऱ्या दिवशी वाळूचा ढीग पुन्हा केला. गोव्याच्या बाजूच्या मुलाला मलप्रभेच्या उतारावर बसवले आणि नवलगुंदच्या मुलीला म्हादईच्या. "आता तुझ्या समोरच्या नदीकाठी कोण राहते, त्यांना पाणी कशाला लागते, ते तू सांगावयाचे," असा नियम केला. मुलाने नवलगुंदच्या कमी पावसाचा आकडा शोधला, आटलेल्या तळ्यांविषयी वाचले आणि तिच्या मामांना फोनवरून प्रश्न विचारले. मुलगी म्हादईच्या बाजूने बोलावयास उभी राहिली, तेव्हा तिला प्रथमच कळले की समुद्राला जाणारे पाणी सगळेच वाया जात नाही. मांडवीच्या मुखातून भरतीचे खारे पाणी आत शिरते. वरून येणारे गोडे पाणी त्याला मागे रेटते. त्या गोड्या-खाऱ्या पाण्यावर मासे वाढतात, आणि बांध व मानशी घालून राखलेल्या खाजन शेतांत भात पिकते. दोघेही बोलले, आणि अखेरीस कोणीच कोणाला हरवले नाही. त्या मुलाने मला विचारले, "मग बाई, पाणी कोणाचे?" मी म्हटले, "ते न्यायालय ठरवील. आपण एवढेच शिकलो की, नदीविषयी बोलताना दोन्ही उतारांवर बसून बोलावे." उत्तर अपुरे होते, हे मला मान्य आहे, परंतु आदल्या दिवशीच्या उत्तराहून ते पुष्कळ बरे होते.

माझ्या मते भूगोल शिकवण्याचे खरे कारण हेच आहे. राजधान्यांची नावे आज कोणताही मोबाइल सांगतो. त्यावरील नकाशा डावीकडे वळा, उजवीकडे वळा असेही सांगतो, आणि त्याचा उपयोग मी नाकारीत नाही. तो तर नदीचे नाव आणि तिची वाटही दाखवतो. परंतु ज्याच्या मनात प्रश्नच उठत नाही, त्याला तो आपण होऊन काही सांगत नाही. आपल्या पागोळीचे पाणी पुढे कोणाच्या ताटापर्यंत जाते, हा प्रश्न मुलाच्या मनात शिक्षकाला आणि पालकालाच रुजवावा लागतो. ज्या मुलाने तो एकदा स्वतःला विचारला, त्याच्याशी उद्या पाण्याविषयी शहाणपणाने बोलता येईल.

यावर माझे शिक्षकबंधू आणि भगिनी म्हणतील की, चाळीस मिनिटांचा तास, चाळीस मुले आणि डोक्यावर परीक्षा. यात वाळूचे ढीग केव्हा करावयाचे? अडचण खरी आहे. माझा अनुभव असा की, वर्षातून चार तास बाहेर काढले तरी पुरतात: एक दिशांसाठी, एक आवाराच्या मोजणीसाठी, एक पाण्यासाठी, एक सावलीसाठी. पावसाच्या डब्याला तर रोज दोन मिनिटेच लागतात, आणि ते काम मुले पाळीपाळीने आनंदाने करतात. पाठांतर मुळीच नको, असेही माझे म्हणणे नाही. पाढे पाठ असावे लागतात, तशी नद्यांची नावेही पाठ असावी लागतात. मात्र नावाच्या आधी नदी यावी. नदीच्या आधी नाव येऊ नये.

आणि पालकांना काय सांगू? मुलांना घेऊन आपण गोव्याला गाडीने जाता, हैदराबादला जाता, आजोळी जाता. खिडकीपाशी बसलेल्या मुलाच्या हातातला मोबाइल थोडा वेळ बाजूला ठेवावा आणि त्याला विचारावे: ही नदी कोणीकडे वाहते आहे? येथील छपरे कशी आहेत? माती केव्हा काळी झाली, केव्हा तांबडी झाली? उत्तर आपल्याला येत नसले, तरी लाजू नये. दोघांनी मिळून शोधावे. आपल्या आईवडिलांनाही शोधावे लागते, हे पाहणे हा मुलासाठी एक चांगला धडा आहे.

'वाळून जाते' म्हणणारी ती मुलगी पुढे आठवीत गेली. वर्षअखेरीस मी प्रत्येकाला आपल्या घरापासून समुद्रापर्यंतची पाण्याची वाट काढावयास सांगितली होती. तिने आपले घर काढले, गटार काढले, ओढा काढला, आणि पुढे मलप्रभा, धरण, कूडलसंगम, कृष्णा असे करीत कागद संपला, तेव्हा तिने त्याला दुसरा कागद चिकटवला. अगदी शेवटी समुद्र काढला, आणि समुद्रावरून परत आमच्या गावाकडे येणारे ढग काढले. त्या ढगांखाली तिने आमच्या शाळेचे कौलारू छप्पर काढले होते. मी ते तिला सांगितले नव्हते.

तेवढे छप्पर प्रत्येक मुलाला आपल्या नकाशावर सापडावे, इतकीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.